क्षमा की विस्मरण?

तापीच्या काठी बुऱ्हाणपूरला राजघाट नावाचा घाट आहे. गंगेच्या स्नानाने, नर्मदेच्या दर्शनाने आणि तापीच्या नुसत्या स्मरणाने पाप नाहीसे होते, अशी आपल्याकडे जुनी श्रद्धा आहे. या श्रद्धेचा अर्थ कोणी कसा लावावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तीत स्मरणाला दिलेले स्थान विचार करण्याजोगे आहे. आपल्या काळाने तो क्रम नेमका उलटा केला आहे. नामवंतांची पापे आज विस्मरणाने धुतली जातात. एखादा खेळाडू वा नट गैरकृत्यात सापडतो, चार दिवस त्याच्या नावाने खडे फोडले जातात, मग काही वर्षांनी तोच पडद्यावर, समालोचकाच्या खुर्चीत किंवा निवडणुकीच्या व्यासपीठावर हसतमुखाने उभा राहतो आणि लोक म्हणतात, "जाऊ द्या, झाले गेले गंगेला मिळाले." या वृत्तीला समाजाची उदारता म्हणावी काय?

ताजे उदाहरण मोहम्मद अझरुद्दीन यांचे आहे. सामनानिश्चितीच्या प्रकरणात क्रिकेट नियामक मंडळाने डिसेंबर २००० मध्ये त्यांच्यावर आजीवन बंदी घातली. ती बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये रद्द ठरविली. त्याच्या तीन वर्षे आधी, म्हणजे २००९ मध्येच, मुरादाबादच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत धाडले होते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ते तेलंगणाच्या मंत्रिमंडळात दाखल झाले. न्यायालयाचा निर्णय आम्हांला शिरोधार्य आहे आणि आमचा रोख या एका व्यक्तीवर नाही. आमचा प्रश्न मतदारांना आहे. न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वीच त्यांनी जो कौल दिला तो कशाच्या बळावर? निर्दोषत्वाची खात्री पटली म्हणून, पश्चात्ताप दिसला म्हणून, की मनगटाच्या त्या नजाकतदार फटक्यांची मोहिनी उतरली नव्हती म्हणून?

कीर्ती आणि अपकीर्ती यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा की नाही, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. राजघाटाच्या त्याच बुऱ्हाणपुराने त्याचा एक मोठा अध्याय पाहिला आहे. १७५८ च्या मोहिमेने मराठ्यांचे झेंडे अटकेपार नेणारे राघोबादादा आपल्या काळाचे केवढे नामवंत! पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि संशयाचे बोट थेट दादांकडे वळले. पुढच्याच वर्षी बारभाईंच्या फौजांपुढे माघार घेत हा अटकेचा वीर बुऱ्हाणपूरला आला. ज्या उत्तरेच्या वाटेने तो विजेता म्हणून गेला होता, त्याच वाटेवर आता त्याला आश्रय शोधावा लागला. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरा सांगते. रामशास्त्र्यांना अटकेचा पराक्रम ठाऊक नव्हता असे थोडेच आहे? पराक्रमाचा मान पराक्रमाला आणि अपराधाचा दंड अपराधाला, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सत्ताधीशाच्या तोंडावर ते म्हणण्याची छाती त्यांच्यापाशी होती, म्हणून अडीचशे वर्षांनंतरही त्यांचे नाव आपण आदराने घेतो.

पण याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे आणि ती आपण सहसा बोलत नाही. 'ध'चा 'मा' केल्याचा ठपका जनतेने आनंदीबाईंवर ठेवला. तो बदल त्यांनीच केला, याचा निर्णायक पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. तरी कथा, नाटके आणि म्हणी यांनी तो निकाल कायम करून टाकला. त्यावर अपील नाही आणि फेरविचारही नाही. एका बाजूला पुरावा पाहून निर्भयपणे बोलणारा न्यायाधीश आणि दुसऱ्या बाजूला ऐकीव गोष्टीवर जन्मोजन्मीची शिक्षा ठोठावणारा जमाव, अशी ही दोन चित्रे आहेत. नामवंतांचा न्याय करताना आपण यांपैकी कोणाच्या रांगेत उभे असतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

जमावाच्या न्यायाची पहिली खोड अशी की, त्याला अपयश आणि अपराध यांतला भेद कळत नाही. बुऱ्हाणपुराहून उत्तरेला इंदूरकडे गेले की याचा एक नमुना आढळतो. अजित वाडेकर यांच्या संघाने १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड यांना त्यांच्याच भूमीवर हरविले, तेव्हा त्या विजयाचे स्मारक म्हणून इंदूरला काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारण्यात आली. १९७४ मध्ये तोच संघ, त्याच कर्णधाराच्या हाताखाली, इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या हरला. लॉर्ड्सवर तर सारा डाव ४२ धावांत आटोपला. लगेच त्या बॅटला विद्रूप करण्यात आले. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. या गृहस्थाने कोणता गुन्हा केला होता? तो हरला होता, इतकेच. कालपर्यंत ज्याला डोक्यावर घेऊन नाचलो त्याच्यावर आज दगड उचलताना आपला हात कचरला नाही. आज मात्र हे सारे सोयीस्करपणे विसरून आपण वाडेकरांना थोर कर्णधार म्हणतो.

दुसरी खोड याहून वाईट आहे. जमावाचा दंड अपराधाच्या वजनावर ठरत नाही, अपराध्याच्या वजनावर ठरतो. याचा दाखला त्याच १९७४ च्या दौऱ्यात सापडतो. मुंबईचे सलामीचे फलंदाज सुधीर नाईक यांच्यावर लंडनच्या एका दुकानातून मोज्यांचे दोन जोड उचलल्याचा आरोप आला. प्रकरण वाढू नये म्हणून गुन्हा कबूल करण्याचा सल्ला त्यांना मिळाला. परक्या देशात एकट्या पडलेल्या त्या तरुणाने तो मानला आणि त्याला दंड झाला. सुनील गावसकर यांनी पुढे 'सनी डेज' या आत्मचरित्रात त्यांची बाजू ठामपणे मांडली. पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्याच दौऱ्यात एजबॅस्टनला कसोटी पदार्पण करताना दुसऱ्या डावात ७७ धावा काढणाऱ्या या फलंदाजाच्या वाट्याला सगळ्या मिळून तीनच कसोट्या आल्या.

हे नाईक कोण होते? १९७०-७१ च्या मोसमात मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना, उरलेल्यांना हाताशी धरून रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार! श्रीरामपूरहून मुंबईत आलेल्या झहीर खानला नॅशनल क्रिकेट क्लबात आधार देणारे मार्गदर्शकही तेच. आणि २ एप्रिल २०११ रोजी ज्या खेळपट्टीवर भारताने विश्वचषक जिंकला, ती वानखेडेची खेळपट्टी त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही अनेक मृत्युलेखांना त्या मोज्यांचा उल्लेख टाळता आला नाही. दोन जोड मोज्यांचा संशय एकोणपन्नास वर्षे पुरला. आणि कोट्यवधी प्रेक्षकांच्या विश्वासाशी खेळ केल्याचा आरोप ज्यांच्यावर आला, त्यांना संसदेची दारे नऊ वर्षांत उघडली. या तराजूला न्याय म्हणायचे काय?

आजच्या काळातही हेच घडते. २०१३ च्या आयपीएलमधील प्रकरणात श्रीशांत आणि मुंबईचे अंकित चव्हाण या दोघांवर आजीवन बंदी आली. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने दोघांनाही फौजदारी खटल्यातून मुक्त केले. मंडळाची बंदी मात्र उठली नाही. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि २०१९ मध्ये त्यांची बंदी सात वर्षांवर आली. जानेवारी २०२१ मध्ये ते केरळकडून पुन्हा मैदानात उतरले, त्या वेळी चव्हाण यांच्यावरील आजीवन बंदी कागदावर तशीच होती. तीही सात वर्षांचीच ठरली, पण २०२१ चा मध्य उजाडल्यावर. प्रकरण तेच, दंड तोच. तरी एकाच्या परतीची देशभर चर्चा झाली आणि दुसऱ्याची वाट पाहणे कोणाच्या गावीही नव्हते. तो विश्वचषक जिंकणाऱ्या संघात नव्हता, हाच काय तो त्याचा अधिकचा अपराध.

चित्रपटसृष्टीकडे वळलो तर संजय दत्त यांचे प्रकरण कोकणच्या वाचकांना विशेष जवळचे आहे. कारण १९९३ च्या ज्या कटातून मुंबईत २५७ माणसे मेली, त्याची स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली होती. दत्त यांच्यावर कटाचा आरोप सिद्ध झाला नाही. बेकायदा शस्त्र बाळगल्याचा झाला. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा ठोठावली, तेव्हा त्यांना माफी द्यावी म्हणून राज्यपालांकडे विनंत्या सुरू झाल्या. त्यांनी पडद्यावर मुन्नाभाई रंगविला होता, लोकांना गांधीजींची आठवण करून दिली होती, असे युक्तिवाद झाले. त्याच खटल्यात शिक्षा झालेल्या इतरांसाठी एवढा कळवळा क्वचितच कोणाला आला. अखेर दत्त यांनी शिक्षा भोगली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते येरवड्यातून बाहेर आले. आमचे मत असे की, शिक्षा पुरी करून आलेल्या माणसाला पुन्हा काम करू न देणे हा अन्याय ठरला असता. पण शिक्षेआधी मागितलेली माफी हा त्याहून मोठा अन्याय ठरला असता. या दोहोंतला फरक ज्याला उमगला त्याला क्षमेचे मर्म उमगले.

अशा प्रसंगी वाल्या कोळ्याची कथा हमखास पुढे केली जाते. वाल्याचा वाल्मीकी झाला, मग यांना संधी का नाकारता, असे विचारले जाते. प्रश्न बरोबर आहे. पण विचारणाऱ्यांना कथेचा पूर्वार्ध आठवत नाही. वाल्याने घरी जाऊन बायकामुलांना विचारले, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी होणार काय? त्यांनी स्पष्ट नकार दिला. त्या नकाराने त्याचे डोळे उघडले आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत त्याने तप केले. आज आमच्या वाल्यांना असा नकार देणारे कोणी उरले नाही. त्याने विचारण्याआधीच हजारो चाहते धावत येतात आणि सांगतात, "महाराज, आपण पाप केलेच नाही!" मग वारुळाची गरज कोणाला? चाहत्यांच्या या लाडाने अपराध्याचेच अधिक नुकसान होते, कारण पश्चात्तापाची त्याची एकमेव संधी ते हिरावून घेतात.

यावर कोणी म्हणेल, मग काय करावे, जन्मभर वाळीत टाकावे? आम्ही तसे म्हणत नाही. वाळीत टाकणे म्हणजे काय हे कोकणाला कोणी शिकवायला नको. गावकीच्या बहिष्काराखाली घरेच्या घरे कशी भरडली गेली, हे रायगड जिल्ह्याने पाहिले आहे. म्हणूनच २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणे महाराष्ट्राला भाग पडले. ज्या शिक्षेला अंत नाही आणि ज्या शिक्षेतून परतीची वाट नाही, ती शिक्षा माणसाला सुधारीत नाही. आपल्या धर्मशास्त्राने दंडाबरोबर प्रायश्चित्ताची सोय ठेवली ती यासाठीच. पापाचे मोजमाप असते, प्रायश्चित्ताचेही असते, आणि ते पुरे झाले की माणूस पंक्तीला परत बसू शकतो.

तेव्हा क्षमेचा क्रम आपण पुन्हा नीट लावला पाहिजे. आधी सत्य स्थापित व्हावे. तोवर ना दगड उचलावा, ना हार आणावा. अपराध सिद्ध झाल्यास तो कर्त्याने कबूल करावा. ठरलेला दंड नामवंताने इतरांइतकाच भोगावा. एक दिवस कमी नको आणि एक दिवस जास्तही नको. आणि क्षमा करण्याचा पहिला अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा आहे, हे आपण विसरू नये. फसवल्या गेलेल्या सहकारी खेळाडूने, अन्याय झालेल्या बाईने, घरचे माणूस गमावलेल्या कुटुंबाने काय सोसले ते न विचारता प्रेक्षकांनी परस्पर माफी वाटायची, हे दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करण्यासारखे आहे. हे सारे झाल्यावर मात्र त्या माणसाला मोकळ्या मनाने जवळ करावे. त्याला काम मिळावे, त्याच्या गुणांचे कौतुकही व्हावे. जबाबदारीची आणि सार्वजनिक विश्वासाची पदे मात्र त्याने आपल्या वर्तनाने नव्याने मिळवावीत. जुन्या शतकांच्या पुण्याईवर नव्हे.

राजघाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्याला तापी त्याचे नाव विचारीत नाही. नावात 'राज' असले तरी तिथे राजाला वेगळे पाणी नाही. लोकमताच्या दरबारात एवढी समता आली, तर सुधीर नाईकांसारख्यांची उपेक्षा होणार नाही आणि बड्यांची पापे टाळ्यांच्या गजरात बुडणार नाहीत. क्षमा हा समर्थ समाजाचा अलंकार आहे. पण जो समाज काय घडले तेच विसरतो, त्याला कोणालाही क्षमा करण्याचा अधिकार उरत नाही.