पोळ्यानंतरचा भाद्रपद आणि राखणदाराचा कान

पोळ्याच्या दिवशी आपण बैलांना न्हाऊ घालतो, त्यांची शिंगे रंगवितो आणि त्यांना पुरणपोळीचा घास भरवितो. दुसऱ्या दिवशी भाद्रपद लागतो. हा कुत्र्यांच्या माजाचा काळ. गल्लोगल्ली त्यांच्या झुंजी जुंपतात व अनेकांचे कान फाटतात. हवा दमट, माश्या मुबलक. रात्रभर पिकाची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या फाटक्या कानाकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. कृषी खात्याच्या पत्रिकेत कुत्र्याच्या कानाविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका घटनेत आहे.

काही वर्षांपूर्वी कळसाडी शिवारात एका शेतकरी बंधूच्या कपाशीची पाहणी करण्यास मी गेलो होतो. बांधावर त्यांचा कुत्रा मान तिरपी करून बसला होता. कानाच्या जखमेत किडे पडले होते. मी ते पाहिले, पण आपले काम कपाशीचे, असे समजून काही बोललो नाही. त्याच संध्याकाळी त्या गृहस्थांनी फवारणीतून उरलेले औषध बोळ्याने जखमेवर लावले. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरले आणि पहाटेपूर्वी तो मेला. “साहेब, किडीचंच औषध ना ते?” असे त्यांनी मला नंतर विचारले. त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. कपाशीवर फवारतो त्या विषाला आम्ही अधिकारीच औषध म्हणत आलो आहोत. तेव्हा चूक एकट्या शेतकऱ्याची नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पिकावरील कीटकनाशक जनावराच्या अंगावर, विशेषतः उघड्या जखमेवर, कधीही लावू नये. सोललेल्या कातडीतून विष त्वरेने रक्तात जाते. फिनाईल, रॉकेल वा बॅटरीतील काळी भुकटी हेही उपाय नव्हेत. त्यांनी मांस जळते आणि कुत्रा ती जखम पंजाने खाजवून पंजा चाटतो, त्यामुळे तेच द्रव्य त्याच्या पोटात जाते. चुकून असे काही लावले गेले असल्यास हातमोजे घालून साबण व भरपूर पाण्याने जखम धुवावी आणि डबा किंवा बाटलीसह तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे.

कानाची जखम चिघळते का, हेही समजून घेणे इष्ट आहे. कानाच्या पाळीत मधे कूर्चा व तिच्या दोन्ही अंगांस घट्ट चिकटलेली पातळ त्वचा असते. त्वचेत रक्तवाहिन्या पुष्कळ, म्हणून लहानशी चीरही फार वाहते. वेदनेने कुत्रा डोके झटकतो, खपली उडते व पुन्हा रक्त येते. आपल्या गावठी कुत्र्यांचे कान उभे असल्याने आत वारा खेळतो, हे खरे. परंतु उभ्या कानाच्या टोकांवरच चावऱ्या माश्या बसतात व तेथे काळी खपली धरते. काही माश्या जखमेच्या कडेला अंडी घालतात. सुमारे एका दिवसात अळ्या बाहेर पडून जिवंत मांस खात आत शिरतात.

ताज्या जखमेवर करावयाचा उपचार सोपा आहे. प्रथम कुत्र्याचे तोंड मऊ पट्टीने बांधावे; मात्र त्यास धाप लागली असल्यास किंवा उलटी होत असल्यास बांधू नये. स्वच्छ फडके जखमेवर दहा मिनिटे दाबून धरावे, मधेच उचलून पाहू नये. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ घालून त्याने जखम धुवावी. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे. कान डोक्यावर दुमडून सैलशी पट्टी बांधल्यास झटकणे थांबते. कानाच्या छिद्रात मात्र कोणताही द्रव ओतू नये, कारण आतील पडदा फाटलेला असू शकतो.

किडे पडले असल्यास, कानातून दुर्गंधीयुक्त पू येत असल्यास किंवा कूर्चा फाटली असल्यास घरगुती उपाय थांबवून जनावरांचा दवाखाना गाठावा. पाळी फुग्यासारखी फुगली असेल तर आत रक्त साकळलेले असते. बाभळीच्या काट्याने ती फोडण्याची रीत घातक होय. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

याहून गंभीर बाब पिसाळ रोगाची. कान फाडणारा कुत्रा कोठला, हे बहुधा ठाऊक नसते. त्याची लाळ जखमेवर असते आणि तीच जखम आपण उघड्या हातांनी पुसतो. म्हणून हातमोजे वा निदान प्लास्टिकची पिशवी हातात घालावी. आपल्या कुत्र्यास नंतरच्या लशी केव्हा द्यावयाच्या, हे पशुवैद्यकास विचारावे. माणसास चावा किंवा ओरखडा झाल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा उपाय नाही. लस वेळेवर घेतल्यास मात्र तो टळतो.

प्रतिबंधाचा मार्ग उपचाराहून स्वस्त आहे. गोठ्यातील शेण व ओला चारा दररोज उचलावा, म्हणजे चावऱ्या माश्यांची पैदास घटते. आठवड्यातून एकदा दोन्ही कान उजेडात उलटून गोचिडी, खपली व वास पाहावा. तीन महिन्यांवरील पिलास पिसाळ रोगाची लस द्यावी व पुढे ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित टोचून घ्यावी.

येथे माझी एक सूचना आहे. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन-चार आठवडे लागतात. भाद्रपदात जागे होऊन उपयोग नाही. ग्रामपंचायतींनी श्रावणाच्या प्रारंभीच पशुवैद्यकास बोलावून गावातील कुत्र्यांचे लसीकरण व कानांची तपासणी उरकून घ्यावी. आणि आम्ही कृषी अधिकाऱ्यांनी फवारणीचे शिक्षण देताना विषाला विषच म्हणावे.

बैलाच्या श्रमाची जाण ठेवणारा आपला शेतकरी कृतघ्न नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावून होताच, त्याच हाताने दाराशी बसलेल्या राखणदाराचा कानही एकवार उलटून पाहावा, एवढेच माझे सांगणे आहे.