शेवाळ हवे, पण पाच टक्के

तमिळनाडूतल्या मंडपमच्या किनाऱ्यावर बायका बांबूच्या तराफ्यावर दोऱ्या ताणतात, दोरीला कप्पाफायकस शेवाळाचे तुकडे बांधतात आणि तराफा पाण्यात लोटतात. साधारण 45 दिवसांत पीक काढणीला येते. बहुतेक माल जातो तो कॅराजिननसाठी, म्हणजे अन्नपदार्थ घट्ट करणाऱ्या घटकासाठी. मत्स्यशेतीतल्या माशांचे खाद्य हे अशा समुद्री शेवाळाचे नवे गिऱ्हाईक ठरू शकते.

गरज खरी आहे. या खाद्यात फिशमील, म्हणजे वाळवलेल्या मासळीची भुकटी, घालतात. किलोभर फिशमील करायला तारलीसारखी चार-पाच किलो ताजी मासळी लागते, आणि तारलीचा भरवसा नाही. केरळात 2012 साली साडेतीन लाख टनांहून अधिक तारली मिळाली. 2021 मध्ये जेमतेम 3,297 टन. गरिबाच्या ताटातली ही मासळी कारखान्यात जितकी कमी जाईल तितके बरे.

म्हणून शेवाळ फिशमीलची जागा घेईल असे सांगत सुटणे मात्र मत्स्यशेतकऱ्याची दिशाभूल आहे. फिशमीलमध्ये 60 ते 70 टक्के प्रथिने असतात. उल्वा हे हिरवे शेवाळ सुकवले, तरी चांगल्या मालात ती 20 टक्क्यांच्या आसपास भरतात. ताज्या शेवाळात 80-90 टक्के पाणीच. किलोभर फिशमीलइतक्या प्रथिनांसाठी वीस-तीस किलो ओले शेवाळ सुकवावे लागेल. शिवाय त्यातली कर्बोदके जिताड्यासारख्या मांसाहारी माशाला नीट पचत नाहीत.

थोडे घातले तर गुण येतो. जपानमध्ये रेड सी ब्रीमच्या खाद्यात 5 टक्के उल्वा मिसळल्यावर मासे चांगले वाढले. तिलापियावरच्या प्रयोगांतही थोडे प्रमाण मानवले. जास्त झाले की वाढ मंदावली. शेवाळातली अल्जिनेट आणि कॅराजिनन ही द्रव्ये खाद्याची गोळी बांधून ठेवतात. गोळी पाण्यात लगेच विरत नाही, खाद्य वाया जात नाही.

तेव्हा 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला पैसा तराफ्यांवरच थांबू नये. सुकवणीच्या शेड, दळणयंत्रे, शेवाळातल्या आयोडीन व आर्सेनिकची तपासणी यांनाही तो मिळावा. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खडकांवर उल्वा आपसूक वाढते, पण पावसाळ्यात पाण्याचा खारेपणा उतरतो आणि उन्हात वाळवणेही बंद पडते. कोकणात लागवडीचे गट उभे करण्याआधी सुकवणीची सोय हवी. आणि खाद्याच्या पोत्यावर शेवाळाची जात व टक्केवारी छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे. पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याचा तो हक्क आहे.