आधार हा उपदेशाचा विषय नव्हे!

विश्रांतवाडीच्या शेजारी, येरवड्यात, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मन खचलेल्या माणसाला त्या भिंतीआड पाठवले की समाजाची जबाबदारी संपली, अशी सोयीस्कर समजूत भिंतीबाहेर रूढ आहे. जो अजून बाहेर आहे त्याच्यासाठी उपदेश तयार असतो : मन खंबीर करा, चार माणसांत मिसळा. ही चार माणसे आणावयाची कोठून, हे मात्र कोणी सांगत नाही.

लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा जॉर्ज ब्राऊन व टिरिल हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. जीवनात मोठा आघात झाल्यावर ज्यांना मन मोकळे करण्यास जिव्हाळ्याचे माणूस नव्हते, त्या स्त्रिया नैराश्याला अधिक बळी पडल्या. पदरी तीन वा अधिक लहान मुले आणि घराबाहेर काम नाही, अशा स्थितीत धोका आणखी वाढला. मुले असलेल्या स्त्रियांपैकी कामगारवर्गातील स्त्रियांत हे प्रमाण मध्यमवर्गापेक्षा कितीतरी अधिक होते. आघात आणि आधार, दोहोंची वाटणी वर्गानुसारच झालेली असते, असाच याचा अर्थ नव्हे काय?

विश्रांतवाडी, धानोरी, कळस या परिसरात गावची भावकी मागे ठेवून आलेल्या कंत्राटी कामगाराला फिरती पाळी आणि बिनपगारी रजा पाचवीलाच पुजलेली. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की बिऱ्हाड हलते. शेजार जुळतो न जुळतो तोच तुटतो. संघटनेचे नाव काढले की काम जाते. जी व्यवस्था माणसाचे सोबती हिरावून घेते, तिनेच त्याला एकलकोंडा म्हणून हिणवावे, ही निव्वळ दांभिकता होय!

औषध नको, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु गोळी घेतलेला माणूस परततो तो त्याच रिकाम्या खोलीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १९ स्पष्ट आहे : कुटुंब नाही, ते स्वीकारत नाही अथवा घर नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहण्यासाठी सामूहिक निवासांसारख्या सोयी उपलब्ध करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. ते दयेपोटी नव्हे, हक्क म्हणून वसूल केले पाहिजे.

कायम नोकरी, स्थिर घर, वस्तीतील समुपदेशन केंद्र आणि बायकांना निवांत बसता येईल अशी जागा, या मागण्या मानसिक आरोग्याच्याच आहेत. त्या पदरात पडल्यावाचून विश्रांतवाडीतील कष्टकऱ्याला विश्रांती लाभेल ती केवळ वस्तीच्या नावातच.