सायंकाळच्या सायकलस्वाराला रस्ता कोणता?

दरवर्षी ३ जून उजाडला की गावोगावी सायकलफेऱ्या निघतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ मध्ये हा दिवस जागतिक सायकल दिन म्हणून मुक्रर केला, तेव्हापासून हा परिपाठ पडला आहे. विदर्भात त्या दिवसांत ऊन उतरलेले नसते. म्हणून फेरी भल्या सकाळी निघते आणि उन्हे चढण्यापूर्वी आटोपते. पुढे पोलिसांची गाडी असते, चौकाचौकांत वाहने थोपवून धरलेली असतात आणि अखेरीस पर्यावरणावर एखाददुसरे भाषण होते. यात वावगे काही नाही. परंतु त्याच दिवशी सायंकाळी कचेरी सुटल्यावर जो कारकून, शिक्षक वा पाळी संपवून निघालेला कामगार सायकलवर बसतो, त्याच्यासाठी कोणताही चौक थांबत नाही. सायकलीविषयीच्या आपल्या सार्वजनिक धोरणातील विसंगती सकाळ आणि सायंकाळ यांच्या या अंतरात सामावलेली आहे.

घुग्घुस, वणी, राजुरा, बल्लारपूर अशा गावांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी नागपूर-पुण्यास जाऊन राहणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. भाड्याची खोली, दिवसभराचे बैठे काम आणि सायंकाळचा तास-दीड तास मोकळा, असा त्यांचा दिनक्रम असतो. या वेळात सायकल काढून थोडी मोकळी हवा घ्यावी असे मनात येते आणि लगेच प्रश्न पडतो : जावे कोठे? वरवर पाहता हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर त्या शहराने आपली जमीन, आपला रस्ता आणि आपला पैसा कोणासाठी राखून ठेवला आहे यावर अवलंबून असते.

मोकळे मार्ग कोठे सापडतात?

नागपुरात हौशी सायकलस्वाराला बहुधा एकच दिशा सांगितली जाते : सिव्हिल लाइन्स, तेथून सेमिनरी हिल्स, पुढे फुटाळा आणि अंबाझरी. पुण्यात विद्यापीठाचे आवार, लष्कर भागातील रस्ते, पाषाण तलावाचा परिसर किंवा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडे जाणारा रस्ता, ही नावे पुढे येतात. या सर्व ठिकाणांत एक साम्य आहे. त्यांपैकी एकही मार्ग मुळात सायकलसाठी आखलेला नव्हता. सिव्हिल लाइन्स इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी वसली, लष्कर भाग फौजेसाठी, तलाव पाण्यासाठी. जमीन सरकारच्या, सैन्याच्या वा विद्यापीठाच्या ताब्यात राहिल्यामुळे तेथे दुकानांची रांग उभी राहिली नाही, झाडे वाचली आणि आरपार जाणारी वाहतूक तुलनेने कमी राहिली. तात्पर्य, आपल्या शहरांतील चांगले सायकलमार्ग ही नियोजनाची देणगी नसून जमिनीच्या मालकीच्या इतिहासातून उरलेली शिल्लक आहे.

नव्याने शहरात आलेल्याने हे सूत्र ध्यानात ठेवले तर त्याचा शोध पुष्कळ सोपा होईल. नकाशा घेऊन प्रथम मोठी सरकारी आवारे, महाविद्यालये, तलाव आणि जुन्या वसाहती शोधाव्यात. मुख्य रस्ता टाळून त्याला समांतर जाणारे वस्तीतील रस्ते जोडून पाहावेत. नवा मार्ग आधी सुट्टीच्या दिवशी उजेडात पारखावा आणि मगच कामाच्या दिवशी सायंकाळी वापरावा. कारण सकाळी निवांत असलेला फुटाळ्याचा काठ सायंकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी आणि फिरायला आलेल्यांनी गजबजलेला असतो. परतीची वाट दिव्यांची असावी, हे तर ओघानेच आले.

पण येथेच प्रश्नाची दुसरी बाजू दिसू लागते. नागपूरच्या पश्चिमेला ज्याचे घर आहे त्याला हा वारसा दारातच मिळतो. नंदनवन, वाठोडा, पारडी अशा पूर्व भागांत ज्याला परवडणारी खोली मिळाली आहे, त्याला अंबाझरीला पोहोचण्यासाठी आधी शहराच्या मध्यातील सारी गर्दी ओलांडावी लागते. तासाभराच्या मोकळ्या वेळातील अर्धा तास गर्दीत जातो आणि परतताना पुन्हा तीच गत. मोकळ्या रस्त्याजवळचे घर महाग आणि गर्दीतील घर स्वस्त; म्हणजे सायंकाळची मोकळी हवासुद्धा घरभाड्याच्या मापाने वाटली जाते.

पट्टे झाले, जाळे राहिले

इतिहासाने केलेली ही विषम वाटणी सुधारणे हे नगरपालिकांचे काम होते. तसे प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणता येणार नाही. वाहनांना नव्हे तर माणसांना इच्छित स्थळी पोहोचवणे हे शहरी वाहतुकीचे उद्दिष्ट असावे, असे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मान्य केले. त्याच सुमारास पुण्यात सातारा रस्त्यावर जलद बससेवेच्या मार्गिकांबरोबर सायकलमार्गही झाले. पुढे २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने ८२४ किलोमीटर सायकलमार्गांचा आराखडा स्वीकारला. केंद्राने २०२० मध्ये शहरांसाठी सायकलविषयक स्पर्धा जाहीर केली आणि पुढल्या वर्षी निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर व पिंपरी-चिंचवड यांची नावे होती.

आराखडे झाले, पारितोषिकेही मिळाली. पण रस्त्यावर काय उरले? एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात सायकलमार्गाचा तुकडा मध्येच संपतो आणि स्वाराला नेमके जेथे संरक्षण हवे त्या चौकात बस व मोटारी यांच्या मधोमध सोडून देतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये आखलेला सायकलमार्ग पाहता पाहता मोटारी उभ्या करण्याची जागा बनला. पवई तलावाच्या काठाने महापालिकेने हाती घेतलेला सायकलमार्ग तर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि तलावकाठ पूर्ववत करण्यास सांगितले. सायकलच्या नावाने निसर्गाचीच हानी व्हावी, याहून मोठा विपर्यास कोणता!

या अपयशाचे कारण केवळ पैशाची चणचण वा अधिकाऱ्यांची अनास्था नव्हे. सायकलमार्ग ही शोभेची वस्तू समजली गेली, हे खरे कारण आहे. या बाबतीत हॉलंडचा अनुभव बोलका आहे. सायकलींचा देश म्हणून आज ज्याचे नाव घेतले जाते, तेथेही युद्धोत्तर काळात मोटारींनी रस्ते व्यापले होते. रस्त्यांवरील अपघातांत १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुले दगावल्यावर तेथील पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या मागणीला बळ दिले. त्यानंतर द हेग आणि तिलबर्ग या शहरांत एकेक उत्तम, खर्चिक सायकलमार्ग बांधण्यात आला. त्या मार्गांवर सायकली दिसू लागल्या, परंतु शहरातील एकूण सायकलवापर फारसा वाढला नाही. पुढे १९८० च्या दशकात डेल्फ्ट शहराने वेगळी वाट धरली. सुटे तुकडे जोडून, लहान पूल आणि सुरक्षित चौक करून सबंध शहरात जाळे विणले, आणि तेथे सायकलींचा वापर वाढला. एका सुंदर मार्गापेक्षा जोडलेले दहा साधे मार्ग अधिक उपयोगी पडतात, हा त्याचा धडा. आपल्याकडे अजून पहिल्याच प्रयोगाची पुनरावृत्ती चालू आहे.

घुग्घुसचा रस्ता

महानगरांची ही कथा घुग्घुससारख्या औद्योगिक गावात अधिक कठोर रूप घेते. वर्धा नदीच्या काठचे हे गाव वेकोलिच्या कोळसा खाणी, सिमेंट आणि पोलाद यांवर उभे आहे. २०२० च्या अखेरीस ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. म्हणजे कागदोपत्री ते शहर झाले. येथेही चांगला मार्ग शोधण्याचे नागपूरचेच सूत्र लागू पडते. खाणीच्या आणि कारखान्यांच्या वसाहतींतील अंतर्गत रस्ते झाडांखालचे आणि संथ आहेत. त्यांच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच कोळशाचे ट्रक सुरू होतात. पडोलीमार्गे चंद्रपूरला जाणारा रस्ता असो की नदी ओलांडून वणीकडे जाणारा, पाळी सुटण्याची वेळ आणि अवजड वाहनांची वर्दळ एकत्र आली की कडेच्या धुळीखेरीज सायकलस्वाराला जागा उरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली तेव्हा चंद्रपूरचा प्रदूषण निर्देशांक ८३.८८ इतका भरला होता आणि देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत त्याचा क्रम चौथा होता. सायकल चालवणारा माणूस मोटारीतील माणसापेक्षा खोल श्वास घेतो. ज्या व्यायामाने आरोग्य मिळावे, त्यानेच छातीत धूळ भरावी अशी ही अवस्था आहे.

त्यातच सूर्याचे घड्याळ पूर्व विदर्भाच्या विरुद्ध जाते. सबंध देशाला एकच प्रमाणवेळ असल्यामुळे चंद्रपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो. कार्तिक-मार्गशीर्षात साडेपाचच्या सुमारासच दिवेलागण होते. फेब्रुवारी २०२० मध्ये राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि त्याची भरपाई म्हणून कचेऱ्या सुटण्याची वेळ सव्वासहा ठरवली. चंद्रपूरच्या कारकुनाला हिवाळ्यात कामानंतरचा उजेड मिळतच नाही. उन्हाळ्यात उजेड असतो, तर उन्हाची झळ उतरलेली नसते.

आणि अंधार येथे केवळ अंधार नसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात रात्री काम आटोपून घरी निघालेल्या एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ताडोब्याचे जंगल आणि औद्योगिक वसाहती यांच्यातील सीमारेषा आता पुसट झाली आहे. उद्योगांच्या पडीक जमिनीवर माजलेली झुडपे वाघ-बिबट्यांना आडोसा देतात. येथे रस्त्याकडेची झुडपे काढणे आणि दिवे लावणे ही सुशोभनाची नव्हे, जीवितरक्षणाची बाब आहे.

रस्त्याची किंमत कोण देतो?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता रस्ता ही मर्यादित वस्तू आहे. तिला किंमत आकारली नाही, तर ती गरजेनुसार नव्हे, आकारमानानुसार वाटली जाते. जो मोठा तो अधिक घेतो. साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्यावरून तासाला मोटारींतून सुमारे दोन हजार आणि सायकलींवरून सुमारे चौदा हजार माणसे जाऊ शकतात, असा अंदाज वाहतुकीच्या अभ्यासांत नेहमी दिला जातो. म्हणजे जो सर्वांत कमी जागा मागतो, त्यालाच आपण रस्त्याच्या कडेला लोटले आहे. कोळशाच्या एका ट्रकने उडवलेली धूळ, उखडलेले डांबर आणि वाढवलेली भीती यांचा खर्च कोळशाच्या किमतीत कोठेच दिसत नाही. तो सायकलस्वाराच्या आणि पादचाऱ्याच्या खात्यावर चढतो. देशातील रस्ते अपघातांत २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ३२ हजारांवर पादचारी होते आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आता सायकल चालवतोच कोण? हा आक्षेप आकडेवारीपुढे टिकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शेतीबाहेरील कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने आणि त्याहून कितीतरी अधिक पायी कामावर जात होते. त्यानंतर मोटारसायकली वाढल्या हे खरे. तथापि अनेकांनी सायकल सोडली ती आवड संपली म्हणून नव्हे, तर रस्ता हातचा गेला म्हणून. मागणी नाही म्हणून मार्ग नाही आणि मार्ग नाही म्हणून मागणी नाही, हे दुष्टचक्र शासनानेच तोडावे लागते.

चंद्रपूर जिल्ह्याला तर निधीचीही सबब सांगता येणार नाही. खाण कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणींमुळे ज्यांचे जीवन बाधित झाले त्यांच्या कल्याणासाठी खाणचालकांकडून हा पैसा येतो आणि त्यातील काही भाग रस्त्यांसारख्या भौतिक सुविधांवर खर्च करण्याची मुभा आहे. खाणगावातील सायकलस्वाराहून या निधीवर अधिक रास्त हक्क कोणाचा?

करावयाच्या गोष्टी मोठ्या नाहीत. घुग्घुसमध्ये वसाहती, शाळा, बाजार आणि खाणीची फाटके यांना जोडणारी, ट्रकच्या रस्त्यापासून कठड्याने अलग केलेली एक अखंड वाट असावी. तिच्यावर दिवे असावेत, कडेची झुडपे नियमाने काढली जावीत. पाळी सुटण्याच्या आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अवजड वाहने थांबवून धरावीत. नागपूर-पुण्यासारख्या शहरांनी नवे दिखाऊ पट्टे आखण्याऐवजी विद्यापीठे, तलाव आणि जुन्या वसाहती यांतील तयार मार्ग गर्दीच्या वस्त्यांशी जोडावेत आणि आपल्या कामाची तपासणी रविवारच्या सकाळी नव्हे, तर कामाच्या दिवशी सायंकाळी साडेसहा वाजता करावी.

दिवसभराचे श्रम विकल्यावर माणसाजवळ स्वतःचा असा जो तास उरतो, तोच त्याची खरी मिळकत. वेतन आयोग पगार वाढवू शकतो, हा तास वाढवू शकत नाही. तो निर्भयपणे, मोकळ्या हवेत घालवता येईल एवढी वाट देणे ही नगर परिषदेची वा महापालिकेची मेहेरबानी नव्हे. कररूपाने तिची किंमत नागरिकांनी आधीच मोजलेली आहे.