सरपणाचा क्रकचव्यवहार

शिर्डीच्या परिसरांत राहणाऱ्या माणसाला सरपणाचा विषय क्षुद्र वाटत नाहीं. कै. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या 'श्रीसाईसच्चरिता'च्या तेविसाव्या अध्यायांतील कथा पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. गांवांत पटकीची सांथ चालू होती, आणि ती हटेपर्यंत सरपणाची गाडी वेशीच्या आंत येऊं द्यावयाची नाहीं असें ग्रामस्थांनीं ठरविलें होतें. अशांत एक गाडी आली. लोक ती परतवूं लागले, तों स्वतः बाबा तेथें आले, त्यांनीं गाडी मशिदीच्या सभामंडपाकडे नेवविली आणि सगळें लांकूड विकत घेतलें. धुनी अहोरात्र पेटती ठेवावयाची म्हणजे लांकडाचा सांठा हवाच. त्या सांठ्यांतून गोरगरीब आपल्या चुलीपुरतें लांकूड नेत, त्याचाही बाबांस राग नसे. १९१८ च्या विजयादशमीस बाबांनीं देह ठेविला. द्वारकामाईंतली धुनी अजून तशीच जळत आहे. त्याच गांवांत २००९ सालीं संस्थानच्या प्रसादालयावर आरसे बसवून, सूर्याच्या उष्णतेनें वाफ करून त्या वाफेवर अन्न शिजविण्याची मोठी योजना झाली. नवें आलें म्हणून जुनें गेलें असें अग्नीच्या बाबतींत सहसा होत नाहीं.

आमच्या घरींही तेंच. गॅस येऊन फार वर्षें झालीं, तरी चौदा माणसांच्या घराला सरपण लागतेंच. सकाळीं बंब पेटतो. दिवाळीच्या पहांटे तर दोन बंब लागतात. आणि मुंज किंवा लग्न निघालें कीं परसांत चुलवण घालावें लागतें. राहात्याच्या बाजूस पेरूच्या बागा प्रसिद्ध आहेत. आमचीही एक होती. ती म्हातारी झाल्यामुळें गेल्या माघांत काढावी लागली. बांधावरची एक जुनी बाभूळ वाऱ्यानें आधींच आडवी झाली होती. इतकें लांकूड कुऱ्हाडीनें तोडणारा गडी आतां मिळत नाहीं. तेव्हां धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, आपण चेन सॉ घेऊं." मीं होकार दिला, आणि कोणती घ्यावी हा विचार मात्र सर्वस्वी त्याच्यावर सोंपविला. चूक माझी झाली ती येथें.

त्यानें परगांवच्या एका दुकानांतून ५८ सीसीचें म्हणून विकलेलें, २२ इंची पट्टीचें यंत्र आणलें. ज्या लांब पोलादी पट्टीभोंवतीं दांतेरी सांखळी फिरते तिला दुकानदार 'बार' म्हणतात. मी पट्टीच म्हणतों. दुकानदाराचा युक्तिवाद असा होता कीं, मोठी पट्टी लहान लांकूडही कापते, लहान पट्टी मात्र मोठें लांकूड कापीत नाहीं. मग मोठीच कां घेऊं नये? ऐकावयास हा न्याय निर्दोष वाटतो. चौथ्या दिवशीं पुतण्या पेरूच्या फांद्यांच्या ढिगाऱ्यांत कापीत उभा असतां पट्टीचें टोंक पलीकडच्या, त्याला न दिसणाऱ्या ओंडक्याला लागलें. यंत्र एकदम उसळून त्याच्या खांद्याकडे आलें. ब्रेक लागून सांखळी थांबली म्हणून बरें. सदऱ्याची बाही फाटली आणि कातडीवर ओरखडा उमटला, तेवढ्यावर निभावलें. संध्याकाळीं वहिनींनीं यंत्र कोठींत टाकून कुलूप लावलें. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मास्तर होतांत ना? मग आधीं तुम्ही शिका, त्याला शिकवा, आणि मग किल्ली मागा."

मुलगा त्यांचा, त्यांचें म्हणणें मला मान्य करावें लागलें. पुढचे दोन आठवडे मीं या विषयाचा अभ्यास केला. आश्चर्याची गोष्ट अशी कीं, त्याचा आरंभ मला आपल्याच घरच्या पोथींत सांपडला.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ंत (इ. स. ११५०) 'क्रकचव्यवहार' नांवाचें एक छोटें प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. आपला 'करवत' हा शब्दही संस्कृत 'करपत्र' यापासूनच आला. लांकूड कापणाऱ्याचें काम कसें मोजावें, हा त्या प्रकरणाचा विषय. आचार्यांचें उत्तर असें कीं, करवत जेवढ्या पृष्ठभागांतून जाते तेवढें काम. आडवा छेद घ्यावयाचा असेल तर लांकडाची जाडी आणि रुंदी यांचा गुणाकार करावा, छेदांच्या संख्येनें गुणावें, आणि चौरस अंगुलांना ५७६ नें भागावें म्हणजे चौरस हात येतात. कारण चोवीस अंगुलांचा एक हात. पुढें मजुरीविषयीं ते सांगतात कीं, ती कारागिरांशीं ठरवून, पदार्थ मऊ कीं कठीण हें पाहून द्यावी. मुलांना हें प्रकरण समजावून देतांना हा शेवटचा भाग मी नेहमीं घाईनें उरकीत असें. उदाहरणांत त्याचे गुण नव्हते!

आतां हेंच गणित आपल्या ओंडक्यास लावून पाहूं. ओंडका वाटोळा असतो, म्हणून छेदाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. सहा इंच व्यासाच्या फांदीचा छेद सुमारें २८ चौरस इंच, बारा इंचांचा ११३, आणि चोवीस इंचांचा ४५२. म्हणजे चोवीस इंची बुंध्याचा एक छेद हा सहा इंची फांदीच्या सोळा छेदांएवढा झाला. शिवाय जाड लांकडांत एकाच वेळीं सांखळीचे पुष्कळ दांत रुतलेले असतात आणि त्या सर्वांना ओढण्याचें काम इंजिनास करावें लागतें. म्हणून लांब पट्टीस ताकदवान इंजिन लागतें. साधारण मान असें: १४ ते १६ इंची पट्टीस सुमारें ४० सीसी, १६ ते २० इंचीस ५० ते ६० सीसी, आणि २४ इंचांच्या पुढें ७० सीसी किंवा अधिक. इंजिन थोडें मोठें आणि पट्टी आंखूड, ही जोडी सुखानें चालते. इंजिन लहान आणि पट्टी लांब, ही जोडी चालत नाहीं. आमच्या बाभळीसारखें कठीण लांकूड असेल तर पट्टी वरच्यापेक्षां खालच्या मर्यादेजवळची घ्यावी. 'मृदुत्व-कठिणत्व' म्हणतात तें हेंच.

उलट बाजू पाहा. २२ इंची पट्टीनें सहा इंचांची फांदी कापतांना सहाच इंच पट्टी काम करते. उरलेली सोळा इंच नुसती हातांतलें ओझें वाढविते, तेल पिते आणि पलीकडे जाऊन, जेथें आपली दृष्टि पोंचत नाहीं तेथें, कशाला तरी लागते. पट्टीच्या टोंकाचा वरचा चतुर्थांश हा तिचा सर्वांत घातक भाग होय. फिरती सांखळी तेथें एखाद्या ओंडक्यास अडली कीं यंत्र वर आणि मागें, कापणाऱ्याच्या अंगावर, उसळतें. पुतण्याला झालें तें हेंच. दुकानदाराच्या न्यायांतली चूक अशी कीं, मोठ्या पट्टीनें लहान लांकूड कापतें हें खरें, परंतु कापणारा सुरक्षित राहतो असें त्यानें कोठें म्हटलें होतें?

तेव्हां पट्टीची लांबी ठरविण्यापूर्वीं आपलें लांकूड मोजावें. मीं सुतळी घेऊन परसांतल्या ढिगाऱ्यांतील १४० ओंडक्यांचा घेर मोजला आणि परिघास बावीस सप्तमांशांनीं भागून व्यास काढले. १२१ ओंडके दहा इंचांच्या आंत निघाले, १८ दहा ते तेरा इंचांचे, आणि बाभळीचा एक बुंधा २२ इंचांचा. ज्या जाडीचें लांकूड नेहमीं कापावयाचें तिच्यापेक्षां दोन इंच लांब पट्टी पुरते, असा नियम आहे. त्या हिशेबानें आम्हांस १६ इंची पट्टी भरपूर झाली. एकटा बुंधा राहिला. तो एका बाजूनें अर्धा आणि मग दुसऱ्या बाजूनें अर्धा कापतां येतो. पट्टीच्या लांबीच्या दुपटीपेक्षां थोड्या कमी जाडीपर्यंत ही युक्ति चालते. वर्षांतून एकदां निघणाऱ्या बुंध्यासाठीं रोजची पट्टी लांब घेणें म्हणजे लग्नाच्या पंक्तीच्या पातेल्यांत रोजचा भात लावणें होय. (पट्टी मोजतांना ती यंत्राच्या अंगांतून जेथें बाहेर पडते तेथपासून टोंकापर्यंत मोजावी, आंत दडलेला भाग कापीत नाहीं.)

'प्रोफेशनल' म्हणून जीं यंत्रें विकलीं जातात त्यांविषयीं मत विचाराल तर, ज्याची लांकडाची वखार आहे किंवा जो रोज झाडें उतरविण्याचें काम करतो त्यानें तींच घ्यावींत. त्यांच्या इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमसारख्या हलक्या धातूचा असतो, हाताला बसणारे हादरे कमी असतात, आणि सुटे भाग बदलून तीं वर्षानुवर्षें चालवितां येतात. वर्षांतून दहा-पंधरा दिवस सरपण कापणाऱ्या घराला मधल्या प्रतीचें यंत्र पुरतें. मात्र दुरुस्ती करणारा आणि सांखळी मिळणारें दुकान जवळ असावें. हें मी इंजिनाच्या ताकदीहून महत्त्वाचें समजतों. घराला लागूनच कापावयाचें असेल तर विजेवर चालणारेंही चांगलें. त्यांत पेट्रोल नाहीं, आणि आवाजही कमी.

आतां थोडें सांखळीविषयीं, कारण खरें काम तीच करते. सांखळीची करवत लांकडाआधीं हाडावर चालली, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. जर्मनींतील बर्नहार्ड हाइने यानें १८३० च्या सुमारास हाड कापण्यासाठीं तसें शस्त्र बनविलें होतें. ही माहिती मीं पुतण्यास मुद्दाम दिली, आणि माझ्या सर्व उपदेशापेक्षां तिचाच परिणाम अधिक झाला. आजच्या सांखळीचा दांत मात्र अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स याचा. १९४६ सालीं त्यानें लांकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या जबड्यानें डावीकडे आणि उजवीकडे आळीपाळीनें लांकूड खात पुढें सरकत होती. त्यावरून त्यानें एक दांत डावा, एक उजवा अशी सांखळी केली आणि १९४७ त तिचा धंदा सुरू केला. आमच्या बाभळींतही अळ्यांचीं भोंकें होतीं. तीं पाहिल्यावर सांखळीकडे पाहण्याची माझी दृष्टि बदलली.

त्या दांतांस धार हवी. यंत्रांतून लांकडाच्या ढलप्या निघत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा निघूं लागला कीं धार गेली, आणि माणूस जोर लावूं लागतो. अपघात बहुधा तेथून पुढें होतात. आमच्या सांखळीस ४.८ मिलिमीटर जाडीची गोल कानस लागते. ती सुमारें तीस अंशांच्या कोनांत धरून प्रत्येक दांतास सारखेच हात द्यावयाचे, आधीं एका बाजूचे दांत, मग दुसऱ्या. २२ इंची सांखळीस ४३ च्या आसपास दांत असतात, १६ इंचीस ३३. धार लावावयास बसलें म्हणजे या दहा दांतांचें अंतर चांगलें समजतें. मातीनें माखलेलें खोड कापूं नये. आपल्या काळ्या मातींतली कच एका मिनिटांत धार घालविते. बाभूळ ओली असतांनाच कापून, फोडून ठेवावी आणि मग वाळवावी. वाळलेली बाभूळ कापणें म्हणजे सांखळीशीं वैर करणें.

पेट्रोलमध्यें तेल किती घालावें हें यंत्राच्या पुस्तकांत पाहूनच ठरवावें. पन्नासास एक म्हणजे लिटरास २० मिलिलिटर, पंचविसास एक म्हणजे ४०. सांखळीचें तेल वेगळें असतें. तेथें मोटारीचें जळकें तेल घालण्याची खोड पुष्कळांना आहे, ती वाईट. तें तेल ओंडक्यांस लागतें आणि मग आपण त्याच लांकडावर अंघोळीचें पाणी तापवितों. होमाच्या समिधा मात्र आमच्याकडे अजून हातानेंच, वितीएवढ्या तोडतात. तेथें यंत्राचा संबंध नाहीं.

डोळ्यांस चष्मा, कानांस आवरण, पायांत जाड बूट, आणि अंगांत घट्ट कपडे हवेत. धोतर नेसून यंत्र हातीं घेऊं नये. हें मी स्वतःस उद्देशून लिहितों.

आणखी एक. झाड आपल्या जमिनींत आहे म्हणून तें तोडावयास आपण मोकळे आहों असें नाहीं. महाराष्ट्रांत १९६४ चा वृक्षतोड नियमन अधिनियम आहे, आणि त्याच्या अनुसूचींत आंबा, चिंच, जांभूळ, साग अशीं झाडें आहेत. नागरी हद्दींत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम लागतो. फिलिपाइन्समध्यें तर २००२ पासून खुद्द या करवतीवरच कायदा असून ती जवळ बाळगण्यासही नोंदणी लागते. तेव्हां करवत घेण्याआधीं परवानगी घ्यावी.

दुकानदारानें यंत्र परत घेतलें नाहीं. परंतु त्याच यंत्राला १६ इंची पट्टी आणि तिची सांखळी बसते असें कळलें, म्हणून तेवढाच खर्च केला. पुतण्याकडून सगळे दांत दोनदां कानशीनें घांसून घेतले, ब्रेक तपासून घेतला, टोंकाचा घातक भाग खडूनें काढून दाखवावयास सांगितला, आणि मग त्याला वहिनींपुढें उभा केला. त्यांनीं त्यालाच चार प्रश्न विचारले. बाभळीचा बुंधा दोन्ही बाजूंनीं कापून खालीं पडला त्या दिवशीं त्या ओसरीवर बसून पाहत होत्या.

किल्ली त्यांनीं दिली आहे. २२ इंची पट्टी मात्र अजून कोठींतच, लोणच्याच्या बरणीमागें आहे.