पुणे, हैदराबाद, दिल्ली: संघाचा पत्ता कोणता?

एरवी सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान सुरू होणारी इंडियन सुपर लीग २०२५-२६ मध्ये १४ फेब्रुवारीला सुरू झाली. फुटबॉल महासंघ आणि स्पर्धेचे व्यावसायिक हक्क असलेली कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आला, नवा होईना, आणि अखेर केंद्रीय क्रीडामंत्र्यांना मध्ये पडावे लागले. चौदा संघांनी एकमेकांशी एकेकदाच खेळायचे, म्हणजे सारे मिळून ९१ सामने, असा आटोपशीर हंगाम ठरला. आदल्या वर्षी प्रत्येक संघाला २४ सामने मिळाले होते. यावर जी चर्चा झाली ती प्रक्षेपणाच्या पैशांची आणि कराराच्या कलमांची. माझ्या मते दुखणे त्याहून जुने आहे. या लीगमधल्या बहुतेक संघांना मालक आहेत, पण गाव नाही. मालकाचे मन फिरले की संघ उठतो आणि ज्यांनी त्याला आपला म्हटले त्यांना कोणी विचारत नाही.

पुरावा आपल्या मराठवाड्याच्या दोन्ही बाजूंना पडलेला आहे. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी उभी राहिली, बालेवाडीत खेळली, २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि २०१९ मध्ये गुंडाळली गेली. तिची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. त्या संघाने २० मार्च २०२२ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळला पेनल्टींवर हरवून करंडक उचलला. पुढे दोनच हंगामांनी बावीस सामन्यांत त्याचा फक्त एक विजय होता आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवला गेला. एकच जागा अकरा वर्षांत तीन शहरे फिरली. आपल्याकडच्या वाचकाला यातले हैदराबाद अधिक लागायला हवे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी हैदराबाद राज्यातच होती, आणि हैदराबाद शहर तेव्हा देशाच्या फुटबॉलचे एक माहेरघर होते. हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. त्याच शहराच्या प्रशिक्षक रहीमसाहेबांनी घडवलेला भारतीय संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकून परतला. एवढा वारसा असलेल्या शहरालाही आपला संघ राखता आला नाही, कारण लीगमधली जागा शहराची नव्हतीच.

महाराष्ट्राने हे याआधीही पाहिले आहे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुढे तिच्या जागी आलेल्या आय-लीगमध्ये पुणे एफसी २०१२-१३ मध्ये दुसरी आली. २०१५ मध्ये तीही संपली. भारत एफसी त्या लीगमध्ये एकच हंगाम टिकली, डीएसके शिवाजीयन्स दोन. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये साखळीतले अव्वल स्थान आणि करंडक दोन्ही जिंकले, पण तिचा परदेशी भागीदारही डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. याउलट कोल्हापूर पाहा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, फुलेवाडी हे संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत. राष्ट्रीय लीगमध्ये त्यांचे नाव नाही, पुरस्कर्ते येतात-जातात, तरी शाहू स्टेडियमवर गर्दी होतेच, कारण पेठ जागची हलत नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने म्हणतो. मग जर्मनीकडून घेण्यासारखी एक गोष्ट खरोखर घेऊ या. तिथल्या व्यावसायिक लीगचा नियम सांगतो की क्लबमधली निम्म्याहून अधिक मते वर्गणीदार सभासदांच्या संस्थेकडे राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग यांच्यासारखे अपवाद आहेत, त्यावर तिथे वादही आहेत. पण जिथे हा नियम लागू आहे तिथे सभासदांना डावलून क्लब दुसऱ्या शहरात नेता येत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येईल, आणि तो खोटा नाही. भारतात संघ चालवणे तोट्याचे आहे. तोटा सोसणाऱ्याला सोडून जाण्याची मुभा का नसावी? जरूर असावी. त्याने जावे, पण लीगमधली जागा बरोबर नेऊ नये, एवढेच. सभासदांचे क्लबही पैशांपुढे वाकतात, हे कोलकात्यात दिसले. २०२० मध्ये मोहन बागानला एटीके या कंपनी-संघाशी जोडून घ्यावे लागले आणि नावापुढे ती अक्षरे लागली. पण चाहते गप्प बसले नाहीत, आणि २०२३ मध्ये ती अक्षरे निघाली. पुण्यात ज्यांचा संघ गेला त्यांच्या हाती असे काहीच नव्हते. दुसरा आक्षेप सहकाराचा: सभासदांच्या संस्था मूठभर घराण्यांच्या हाती जातात, हे आपण कारखान्यांत आणि बँकांत भोगले आहे. खरे आहे. तरीही जिथे सर्वसाधारण सभा आहे तिथे निदान जाब विचारायला जागा आहे. रातोरात शहर बदलणाऱ्या संघाला जाब कोण विचारणार?

राहिला प्रश्न परभणीचा या सगळ्याशी काय संबंध याचा. पाऊस, सोयाबीनचा भाव, पीकविमा यांत अडकलेल्या जिल्ह्याला फुटबॉलची चैन परवडते का, असे कोणी विचारले तर मला ते रास्त वाटते. परभणीला सुपर लीगचा संघ नकोच आहे. पण पूर्णा किंवा गंगाखेडच्या मुलाला आज खेळायला मिळते काय? शालेय स्पर्धा बाद पद्धतीची असते. पहिल्या सामन्यात हरला की त्याचे वर्ष संपले. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यात दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा मोठा उपक्रम झाला. हेतू उत्तम होता, पण मुलाला एका दिवसाचा उत्सव पुरत नाही, त्याला हंगाम लागतो. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचा एक नोंदणीकृत, वर्गणीदारांचा क्लब आणि प्रत्येकाशी एकेक सामना असे धरले तर छत्तीस सामने होतात. एका रविवारी चार, म्हणजे नऊ रविवार. सोयाबीन घरात आल्यावर, दिवाळीनंतर ते सहज बसतात. पाथरीचा संघ पहिल्या रविवारी जिंतूरकडून हरला तरी त्या मुलांचे सात सामने उरलेले असतील.