साठवले म्हणजे जपले नव्हे

आजकाल घरोघरी एक नवे वेदवाक्य ऐकू येते : "कार्डात टाकले आहे." लग्नाचे फोटो कुठे आहेत? कार्डात टाकले आहेत. आजोबांच्या वह्या? त्यांचेही फोटो काढून कार्डात टाकले, वह्या रद्दीत गेल्या. आजीच्या आवाजातल्या ओव्या? त्याही कार्डात आहेत. हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचे असे काही तेज असते की, पुढे आणखी प्रश्न विचारणारा माणूस जुनाटच ठरावा. तो जुनाटपणा पत्करून मी हे लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच की, साठवण स्वस्त झाली हे फार चांगले झाले. पण साठवणे म्हणजे जपणे नव्हे. साठवण जसजशी स्वस्त होत गेली, तसतशी जपण्याची आपली सवय सुटत गेली, आणि हा तोटा कोणत्याही दुकानाच्या पावतीवर दिसत नाही.

मी यंत्राचा शत्रू आहे असा समज वाचकांनी करून घेऊ नये. उलट, या स्वस्ताईची कथा एखाद्या पुराणापेक्षा कमी अद्भुत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी एक संगणक बांधला. 1960 साली तो कामाला लागला आणि 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या. हिशेब करताना आकडे लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती किती? 2,048 शब्द, आणि प्रत्येक शब्द 40 बिटांचा. म्हणजे एकंदर 10,240 बाइट. देवनागरीच्या एका चिन्हाला आजच्या रिवाजाप्रमाणे तीन बाइट लागतात. तेव्हा आपण वाचीत आहात तो लेख त्या यंत्राच्या स्मृतीत निम्माही मावला नसता. त्या मंडळींनी एकेक शब्द तोलून वापरला असेल यात नवल ते काय!

कायमच्या साठवणीची कथाही अशीच आहे. 1956 साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने चकत्यांचे पहिले कोठार बाजारात आणले. 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावणार 50 लाख अक्षरे. ते ज्या यंत्राचा भाग होते त्याचे भाडे महिन्याला 3,200 डॉलर होते. 1980 साली सीगेट कंपनीने तेवढ्याच मापाची लहानशी पेटी काढली, तिची किंमत सुमारे 1,500 डॉलर. त्याच दशकात जपानात तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी वीज गेली तरी न विसरणारी 'फ्लॅश' चिप शोधून काढली. 1999 साली एसडी कार्ड आले आणि 2005 साली नखाएवढे मायक्रोएसडी आले. आज काटोलच्या बाजारात मोबाइलच्या कोणत्याही दुकानी 64 जीबीचे कार्ड काही शे रुपयांत मिळते. 1980 च्या भावाने त्याच कार्डाला 1 कोटी 92 लाख डॉलर पडले असते. 1956 च्या कोठारांनी तेवढी जागा करायची म्हटली, तर एकेक टनाची 12,800 कोठारे लागली असती. आपले काटोलचे रेल्वेस्थानक, फलाटासकट, त्यांना पुरले नसते. हे कार्ड मात्र अर्ध्या ग्रॅमचेही नाही.

इथवर मी या कार्डाला नमस्कार करतो. भांडण यापुढे सुरू होते.

आमच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. बागेला ताण कधी दिला, कधी तोडला, आंबिया बहार किती धरला, मृग बहार का सोडून दिला, विहिरीला कोणत्या महिन्यात किती हात पाणी होते, व्यापाऱ्याने बाग किती रुपयांना घेतली, हे सारे ते लाल कापडी बांधणीच्या वह्यांत लिहून ठेवीत. काही वर्षांपूर्वी घराची डागडुजी निघाली तेव्हा आमचा पुतण्या मला म्हणाला, "काका, कायले ठेवता हे कागद? सारं कार्डात टाकून देतो ना मी!" मी नको म्हणत असतानाच पहिला गठ्ठा रद्दीच्या गाडीवर चढलाही होता. पुढे तीन उन्हाळे ते कार्ड एका जुन्या मोबाइलमध्ये पडून राहिले. चौथ्या वर्षी घातले, तर मोबाइल म्हणतो, कार्ड बिघडले आहे, पुसून कोरे करू का? त्या गठ्ठ्यात 1971 ते 1974 च्या वह्या होत्या. 1972 च्या अवर्षणात वडिलांनी कोणती झाडे तोडली, कोणती राखली आणि कशी राखली, हे आज आमच्या घरात कोणालाही नक्की सांगता येत नाही. बागेत पाणी कमी पडू लागले की चौघे भाऊ चार आठवणी सांगतो, आणि चारही वेगळ्या निघतात. पुतण्यावर माझा राग नाही. त्याला जे सांगण्यात आले होते त्यावर त्याने विश्वास ठेवला.

त्याला न सांगितलेली गोष्ट ही की, या स्वस्ताईची काही किंमत कार्डाच्या टिकाऊपणातून वसूल झालेली आहे. कार्डाच्या आत अब्जावधी बारीक कोठड्या असतात आणि प्रत्येकीत विजेचा इवलासा भार कोंडलेला असतो. पूर्वी एका कोठडीत एकच खूण ठेवीत. भार आहे की नाही, एवढेच ओळखायचे. पुढे जागा वाढवावी म्हणून एका कोठडीत दोन, मग तीन, आता चार खुणा ठेवू लागले. गिरगावच्या चाळीत एका खोलीत चार बिऱ्हाडे नांदवावीत, तसा हा प्रकार. चार खुणांसाठी त्या भाराच्या सोळा पायऱ्या ओळखाव्या लागतात, आणि पायऱ्या जितक्या जवळ तितका पाय चुकण्याचा संभव अधिक. त्यात हा भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपून जातो, आणि उष्णतेत लवकर झिरपतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. मोबाइल ट्रॅक्टरच्या सीटवर तापत असतो. कागदाला वाळवी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वाळवी लागलेली वही निदान दिसते तरी! कार्डाची वाळवी दिसत नाही. ते गेल्याचे, घालून पाहीपर्यंत कळत नाही. आणि बाजारात अशीही कार्डे मिळतात की, ज्यांच्या पाठीवर मोठा आकडा छापलेला असतो आणि पोटात त्याचा अंशही नसतो; खरी जागा भरली की नवे फोटो जुन्यांवर चढत जातात आणि मालकाला पत्ता लागत नाही.

कोणी म्हणेल, कार्ड नको तर नको, आता सारे दूरच्या कंपन्यांच्या कोठारात फुकट ठेवता येते. फुकटाचीही गोष्ट ऐकावी. गूगल कंपनीने 2015 साली फोटोंसाठी अमर्याद मोफत जागा देऊ केली. लोकांनी घरातले सगळे तिकडे नेऊन ठेवले. आणि 1 जून 2021 पासून ती सवलत बंद झाली. कंपनीने लबाडी केली असे मी म्हणत नाही. तिने आधी सूचना दिली होती, आणि धंदा हा धंदाच असतो. पण आपल्या घराण्याच्या आठवणी कोणाच्या धंद्याच्या सोयीवर उभ्या आहेत, हे तरी आपण जाणून असावे. भाव सदा उतरतच राहणार, हीही भोळी समजूत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय कोठारांनी चिपांची मागणी वाढवली, तशा 2025 च्या उत्तरार्धात स्मृतीच्या चिपांचे भाव उतरायचे सोडून चढू लागले. स्वस्ताई हा काही निसर्गाचा नियम नव्हे.

आता समजा, कार्ड शाबूत राहिले. एवढ्याने काम झाले का? 1990 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गावोगावच्या छपाईच्या दुकानांतून स्मरणिका, निमंत्रणपत्रिका, संस्थांचे अहवाल संगणकावर जुळवले गेले, ते तेव्हाच्या निरनिराळ्या मराठी फाँटांत. युनिकोडाचा सर्वसामान्य वापर तेव्हा नव्हता. आज ती फाइल उघडावी तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. बिट न् बिट जागेवर आहे, अक्षर मात्र परके झाले.

मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत आणि त्यांतले बहुतेक मोडीत आहेत. साठवण उत्तम, पण आपण शाळेतून मोडी घालवली आणि वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या वादात मला येथे शिरायचे नाही. परंतु शेकडो घरांचे भवितव्य ज्या कागदात होते तो कागद दप्तरात सुखरूप असूनही घराला मुका होता, हे सर्वांनी पाहिले. वाचता येणारा माणूस नसेल तर साठवणीचे कपाट आणि अडगळीची खोली यांत फरक उरत नाही.

माझ्याविरुद्ध एक आक्षेप मात्र वजनदार आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे धुंडाळीत होते. त्यांच्या खिशात असे एक कार्ड असते तर किती कागद वाचले असते! खरे आहे, मीही ते कार्ड त्यांच्या हाती आनंदाने दिले असते. पण राजवाड्यांनी केले काय, ते पाहा. त्यांनी कागद गोळा केले, वाचले, नकलून घेतले, कोणाचा, कुठला, कोणत्या काळचा याचा निवाडा केला, आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापून अनेक ठिकाणी पोचवली. 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापून पुढच्यांची सोय केली. गोळा करणे ही पहिली पायरी होती. आपण त्या पहिल्या पायरीवर उभे राहून कळस गाठल्याचा आनंद मानतो आहोत.

आमच्या काटोलचेच उदाहरण घ्या. 22 मे 2012 रोजी भर दुपारी मोठा आवाज झाला आणि गावात आकाशातून दगड पडले. त्या दिवशी अनेकांनी ते दगड मोबाइलमध्ये टिपले. ते फोटो आज किती जणांना सापडतील? दगड मात्र सापडतात. कारण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी ते गोळा केले, तपासले, त्यांची जात ठरवली, आणि उल्कांच्या जागतिक यादीत 'काटोल' हे नाव तारखेसह नोंदले गेले. कोट्यवधी वर्षांच्या त्या दगडालाही चिठ्ठी लावावी लागली, तेव्हा कुठे तो गोट्यांच्या ढिगातून वेगळा झाला. आपल्या घरात बारशाचे अकराशे फोटो असतात आणि एकावरही नाव नसते. आणखी चाळीस वर्षांनी नातवंडे विचारतील, पाळण्याशेजारी बसलेली ही नऊवारीतली बाई कोण? कार्ड त्याचे उत्तर देणार नाही.

मग करावे काय? अवघड काहीच नाही. आळस मात्र सोडावा लागेल. जे मोलाचे ते एका जागी न ठेवता निदान तीन जागी ठेवावे, त्यातली एक जागा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असावी. दर तीन-चार वर्षांनी ते नव्या कार्डावर उतरवून घ्यावे आणि उघडून पाहावे. अकराशेतले अकरा फोटो निवडून छापून घ्यावेत आणि मागे पेन्सिलीने नावे, गाव, साल लिहावे. नक्कल झाली म्हणून अस्सल कागद रद्दीत घालू नये. आणि घरातल्या एका तरी पोराला ते वाचायला शिकवावे.

लक्ष्मीपूजनाला आपले व्यापारी वहीची पूजा करतात. हळदकुंकू लावून ती कपाटात कोंडण्यासाठी ही पूजा नसते. वर्षभर रोज संध्याकाळी तिच्यात लिहायचे, जुने येणे पाहायचे, मेळ घालायचा, यासाठी असते. त्या पूजेचा अर्थ आपल्या पूर्वजांना कळला होता. यंदा कुटुंब जमेल तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी ती कार्डे काढा, वडीलधाऱ्यांना जवळ बसवा, आणि एकेका चेहऱ्याचे नाव विचारून घ्या. नवे कार्ड बाजारात केव्हाही मिळेल. नावे सांगणारी माणसे मात्र दर दिवाळीला कमी होत आहेत, आणि त्यांचा भाव कोणत्याही दुकानात उतरणार नाही.